नाशिकची द्राक्षे आणि पेरूची द्राक्षे : एकाच बाजारासाठी पिकणाऱ्या दोन निराळ्या बागा

जानेवारी ते मार्च या काळात युरोपातील मोठ्या दुकानांत बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांची जी खोकी मांडलेली असतात, त्यांतली काही नाशिक जिल्ह्यातून आलेली असतात आणि बरीचशी दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशातून. ग्राहकाला दोन्हींमध्ये फारसा फरक जाणवत नाही, कारण मण्याचा आकार, साखरेचे प्रमाण आणि औषधांच्या अवशेषांची मर्यादा हे सारे निकष खरेदीदाराने आधीच ठरवून दिलेले असतात. फळ जवळजवळ सारखे असले, तरी ते पिकवणारी शेती मात्र पूर्णपणे वेगळी आहे. आपल्याकडे या दोन देशांची तुलना निघाली, की ती बहुधा ‘त्यांनी प्रगती केली, आपण मागे पडलो’ अशा एका वाक्यात संपते. हे वाक्य मला अन्यायाचे वाटते. कष्ट आणि कौशल्य यांत नाशिकचा बागायतदार कोणाच्याही मागे नाही. फरक आहे तो पाऊस, पाणी, जमीन आणि मजूर यांतून येणारी जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे, यात. तो फरक नीट समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात वेलीपासूनच करावी लागते.

द्राक्षवेल मुळात थंड किंवा समशीतोष्ण हवामानातली आहे. तिकडे हिवाळ्यात ती पाने गाळून झोपी जाते, वसंतात फुटते आणि वर्षातून एकदा फळ देते. नाशिक, सांगली, सोलापूर किंवा जुन्नर भागात तिला अशी विश्रांती मिळण्याइतकी थंडी पडत नाही. त्यामुळे आपल्याकडे वेलीचे वर्ष माणसाने दोन छाटण्यांमध्ये विभागले आहे. एप्रिलच्या सुमारास केली जाणारी खरड छाटणी फळासाठी नसते. तिच्यातून नव्या काड्या तयार करून घेतल्या जातात. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये होणारी छाटणी फळाची असते, आणि तिच्यानंतर डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग, म्हणजे लेपन, करावे लागते.

या दोन छाटण्यांच्या मधला काळ बाहेरून पाहणाऱ्याला रिकामा वाटतो, पण वर्षाचे उत्पन्न त्यातच ठरते. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या दरम्यान नव्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत घडाचा अतिसूक्ष्म अंकुर तयार होत असतो. त्यासाठी भरपूर ऊन, उष्णता आणि पाण्याचा थोडा ताण लागतो. आभाळ सतत भरलेले राहिले, तर तोच अंकुर घडाकडे न वळता बाळीकडे, म्हणजे आधारासाठी वेढे घेणाऱ्या तंतूकडे वळतो. ही गोष्ट त्या वेळी डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच अनेक बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात आणि कितव्या डोळ्यावर काप घ्यायचा ते ठरवतात. 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि मोसमी पाऊसही महाराष्ट्रात नेहमीपेक्षा लवकर पोहोचला. घडनिर्मितीचा नेमका काळ ढगाळ हवेत गेला, आणि बागेत वेल हिरवीगार दिसत असूनही ऑक्टोबरनंतर घडांची संख्या कमी भरल्याचे अनेकांना दिसले. बागेवर एकही गार पडली नव्हती, वारा सुटला नव्हता, पान फाटले नव्हते. अशा नुकसानीचा पंचनामा करणे किती अवघड असते, हे शेतकरीच जाणतात.

ऑक्टोबर छाटणीनंतरची भीती वेगळी असते. पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळा फुटून कोवळी पाने उलगडू लागल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत पाऊस आला, की डाऊनी हा बुरशीचा रोग पसरतो. पाच-सहा पानांच्या अवस्थेत तो घडावर गेला, तर घडच वाळतो. फुलोऱ्यात पाणी साचले की गळ आणि कूज होते. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे फळ पिकू लागल्यावर, पाऊस पडला तर मणी तडकतात. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेल्या पावसाने आणि 2023 च्या नोव्हेंबरअखेरीस अवकाळी पाऊस व गारपिटीने नाशिकच्या बागांचे केलेले हाल अजून ताजे आहेत. सटाणा, कळवण, देवळा भागातले शेतकरी तर चांगला भाव मिळावा म्हणून जून-जुलैमध्येच छाटणी करून भर पावसाळ्यात बाग फुलवतात, आणि त्यांची ‘अर्ली’ द्राक्षे ही सर्वांत मोठी जोखीम असते.

पाऊस संपला की थंडीची पाळी येते. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री पारा खूप खाली जातो, तेव्हा मण्यांची फुगवण थांबते आणि हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक येते. हा ‘पिंक बेरी’चा माल निर्यातीत नाकारला जातो. तो टाळण्यासाठी शेतकरी बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात, आणि एकेका घडाला कागद गुंडाळतात. एका एकरात हजारो घड असतात. त्या प्रत्येकाला हाताने कागद लावायचा आणि काढणीच्या वेळी हातानेच काढायचा. त्याआधी त्याच घडाची विरळणी, म्हणजे जादा मणी काढून टाकण्याचे काम, झालेली असते, मणी लांबावेत आणि फुगावेत म्हणून त्याला जिबरेलिक अॅसिड या संजीवकाच्या, म्हणजे वाढ घडवणाऱ्या द्रव्याच्या, द्रावणात एकापेक्षा अधिक वेळा बुडवलेले असते. युरोपात जाणारा सोळा किंवा अठरा मिलिमीटरचा मणी इतक्या हातांखालून गेलेला असतो.

आता पेरूकडे वळू. पेरूची निर्यातीची द्राक्षे प्रामुख्याने दोन भागांत होतात : राजधानी लिमाच्या दक्षिणेला असलेले इका आणि विषुववृत्ताजवळचे, देशाच्या उत्तर टोकाचे पिउरा. दोन्ही भाग प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगतच्या वाळवंटी पट्ट्यात येतात. समुद्राशेजारी वाळवंट कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर हम्बोल्ट नावाच्या थंड सागरी प्रवाहात आहे. हा प्रवाह किनाऱ्यालगतची हवा खालून थंड ठेवतो. थंड हवा वर चढत नाही आणि वर न चढलेल्या हवेतून पाऊस पडत नाही. इकामध्ये वर्षभरात पडणारा पाऊस मोजकेच मिलिमीटर असतो. आपल्याकडची एखादी जोरदार सर त्यांच्या कित्येक वर्षांच्या पावसाइतकी भरेल.

पाऊस नाही म्हणजे पानावर पाणी नाही, आणि पानावर पाणी नसले की डाऊनीला पसरायला वाव मिळत नाही. पिकलेला मणी तडकण्याची धास्ती नाही. ढगाळ मे महिन्यात घड जिरण्याचा, म्हणजे अंकुराची बाळी होण्याचा, धोका नाही. वेलीला केव्हा ताण द्यायचा आणि केव्हा पाणी सोडायचे, हे जवळजवळ संपूर्णपणे ठिबकच्या नळीवर ठरते. भुरी हा बुरशीचा रोग आणि मिलीबग ही कीड तिथेही त्रास देतात, डोळे फोडण्यासाठी सायनामाइड तिथेही वापरतात. म्हणजे तिथली शेती आपोआप होते असे मुळीच नाही. पण आपल्या बागायतदाराची रात्रीची झोप उडवणारी जी कारणे आहेत, त्यांतली निम्मी तिथे अस्तित्वातच नाहीत. शिवाय पिउराची काढणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि इकाची मार्चपर्यंत चालते, त्यामुळे एकच देश युरोप, अमेरिका आणि चीनच्या बाजारात सलग पाच-सहा महिने माल ठेवू शकतो. मोठ्या खरेदीदाराला हे सातत्य एखाद्या हंगामातल्या स्वस्त भावापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

नाशिकची बाग जिथे पाऊस आहे तिथे उभी राहिली आणि पावसाची झळ सोसत राहिली. पेरूने जिथे पाऊस नाही ती जागा निवडली आणि तिथे पाणी नेले. पेरूच्या यशाची किंमत या पाण्यात दडलेली आहे. इकाची नदी अँडीज पर्वतावरून वर्षातले काही महिनेच वाहते. बाकीचे पाणी जमिनीखालून उपसले जाते, आणि निर्यातीच्या बागा वाढल्या तसा तिथला भूजलसाठा इतका खाली गेला, की सरकारला नवीन विहिरी खोदण्यावर बंदी घालावी लागली. ज्याच्याकडे भांडवल आहे तो विहीर आणखी खोल नेतो किंवा जुन्या विहिरीसकट शेजारची जमीन विकत घेतो. ज्याच्याकडे ते नाही, त्याची उथळ विहीर आटते. तासगाव, जत, कवठेमहांकाळ या भागांत टँकरने बागा जगवलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. फक्त तिथे आटलेल्या विहिरीच्या शेजारी शेकडो हेक्टरची एकच बाग असते.

उत्तरेत पेरूने याहून मोठा घाट घातला. ओल्मोस प्रकल्पात अँडीजच्या पोटातून सुमारे 20 किलोमीटर लांबीचा बोगदा खोदून, अॅमेझॉनच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या हुआंकाबाम्बा नदीचे पाणी पश्चिमेच्या वाळवंटात आणले गेले. 2014 मध्ये हे पाणी शेतीला मिळू लागले. त्याखाली येणारी 38,000 हेक्टर नवी जमीन लिलावाने विकली गेली, आणि ती शेकडो हेक्टरच्या तुकड्यांत विकली गेल्यामुळे घेणाऱ्या बहुतेक कंपन्याच होत्या. आपल्याकडे धरण झाले, की लाभक्षेत्रातल्या विद्यमान शेतकऱ्याला पाणी देण्याची भाषा होते, मग ते कालव्याच्या टेलपर्यंत पोहोचो वा न पोहोचो. तिथे पाणी आधी आणि शेतकरी नंतर आला, आणि तो शेतकरी कंपनीच्या रूपात आला.

इथे दोन्ही देशांच्या जमिनीच्या इतिहासाकडे पाहणे आवश्यक आहे, कारण त्यांची सुरुवात वाटते तितकी वेगळी नव्हती. महाराष्ट्रात 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने बारमाही ओलिताच्या जमिनीची मर्यादा पुढे कुटुंबामागे 18 एकरांवर आणली. पेरूमध्ये 1969 साली जनरल हुआन वेलास्को अल्वाराडो यांच्या सरकारने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून घेऊन सहकारी संस्थांकडे दिल्या. त्या सहकारी संस्था टिकल्या नाहीत. जमिनी सभासदांमध्ये लहान तुकड्यांनी वाटल्या गेल्या. 1990 च्या दशकात मात्र पेरूने दिशा बदलली. 1995 च्या कायद्याने जमीनधारणेवरची मर्यादा उठवली, आणि 2000 साली आलेल्या 27360 क्रमांकाच्या कायद्याने शेती कंपन्यांचा प्राप्तिकर 15 टक्के ठेवून मजुरांसाठी स्वतंत्र, मालकाला सोयीचे नियम लागू केले. आजची शेकडो हेक्टरची बाग या निर्णयांतून उभी राहिली. महाराष्ट्रात 2015-16 च्या कृषिगणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे. एक-दोन एकर द्राक्षे असलेला शेतकरी आणि स्वतःचे पॅकहाउस, शीतगृह, कृषितज्ज्ञ व विक्रीचे जाळे असलेली कंपनी यांच्या मालाची तुलना आपण सहज करतो. पण त्यांच्या नुकसान सोसण्याच्या ताकदीची तुलना करत नाही. एक हंगाम गेला तर कंपनीचा ताळेबंद बिघडतो. आपल्याकडे त्याच हंगामात सोसायटीचे कर्ज थकते, दुकानदाराची औषधांची उधारी राहते आणि घरातले लग्न पुढे ढकलले जाते.

मोठ्या बागेला मजूरही मोठ्या संख्येने लागतात. पेरूमध्ये हंगामात हजारो स्त्री-पुरुष डोंगराळ भागातून किनाऱ्यावर येतात. नाशिकमध्ये पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून टोळ्या येतात, विरळणी आणि डिपिंगची, म्हणजे घड द्रावणात बुडवण्याची, कामे एकरी उक्ती घेतात, आणि अनेकदा वर्षानुवर्षे त्याच बागायतदाराकडे येतात. दोन्हीकडे मजुरी आणि राहण्याच्या सोयी यांविषयी तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पेरूमध्ये त्यांचा उद्रेक झाला : 2020 च्या अखेरीस इकाच्या शेतमजुरांनी देशाचा मुख्य किनारी महामार्ग अडवला, आंदोलनात मृत्यूही झाले, आणि संसदेला डिसेंबरमध्ये तो 27360 क्रमांकाचा कायदा रद्द करून वर्षाच्या शेवटी नवा करावा लागला. निर्यातीचे आकडे मांडताना ही घटना सोडून दिली, तर चित्र अर्धवट राहते.

वाणांच्या बाबतीत मात्र आपल्याला खरोखर विचार करण्यासारखे आहे. आपली निर्यात दीर्घकाळ थॉम्सन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या वाणांवर उभी आहे. ही निवड प्रयोगशाळांनी कमी आणि शेतकऱ्यांनी अधिक केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेले तास-ए-गणेश किंवा सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे सोनाका ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. वेलीवर इतरांपेक्षा वेगळी दिसणारी एखादी काडी हेरायची, ती वाढवायची आणि पुढे गावोगावी पोहोचवायची, हे काम या माणसांनी स्वतःच्या बागेत केले. पण थॉम्सनच्या कुळातल्या वाणांना मोठा मणी मिळवण्यासाठी संजीवके आणि मजुरी फार लागते, आणि पावसात तडकण्याचा त्यांचा स्वभाव जात नाही. पेरूने दरम्यान आपल्या जुन्या रेड ग्लोबच्या बागा मोठ्या प्रमाणावर काढून स्वीट ग्लोब, ऑटम क्रिस्प, अॅलिसन यांसारखे परवान्याचे वाण लावले. यांचा मणी स्वभावतःच मोठा, कडक आणि लांबच्या प्रवासात टिकणारा असतो, आणि त्यावर हातकाम कमी होते. त्यासाठी पैदासकार कंपनीला स्वामित्वधन द्यावे लागते आणि तिच्या अटी पाळाव्या लागतात. पेरू 2011 साली वाणहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. भारत त्याचा सदस्य नाही. आपला 2001 चा कायदा शेतकऱ्याच्या हक्कांना अधिक जागा देतो, आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे परदेशी पैदासकार बराच काळ आपले वाण इकडे आणायला कचरत राहिले. अलीकडच्या काही वर्षांत दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपनीने आरा मालिकेतील वाण करारावर आणून सभासदांना दिले, तेव्हा ही कोंडी थोडी फुटली.

बाजारपेठेच्या अटी आणि वाहतूक यांविषयी थोडक्यात सांगता येईल. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष सापडल्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, अवशेष तपासणीची योजना लागू केली आणि पुढे ‘ग्रेपनेट’ आले, ज्यात बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी आणि खोक्यापासून प्लॉटपर्यंत मागोवा घेण्याची सोय आहे. तरीही 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून माल अडला आणि असंख्य बागायतदारांना फटका बसला. तेव्हापासूनची शिस्त आज कोणत्याही देशाशी बरोबरी करणारी आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो. शुल्काच्या बाबतीत पेरूला 2013 पासून युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार कराराचा लाभ मिळत आला, तर त्या काळात भारतीय द्राक्षे आयात शुल्क भरून तिथे उतरत होती. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला, कूज रोखणारा ग्रेपगार्डचा कागद घातलेला कंटेनर पेरूहून पनामा कालव्यातून जातो, आपला सुएझमधून. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा आपल्या मालाचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. नाजूक फळासाठी हा काळ फार मोठा असतो.

एक फरक मात्र आपल्या बाजूचा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. पेरूची ताज्या द्राक्षांची बहुतेक बाग परदेशी ग्राहकासाठी आहे. भारतात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी निर्यात साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेरच होते. निर्यातीचा निकष चुकलेला माल देशी बाजारात जातो, तिथूनही उरलेला सांगली भागात बेदाण्यासाठी रॅकवर चढतो. युरोपचा बाजार पडला तरी बाग पूर्ण बुडत नाही. पेरूच्या कंपनीला ही सोय नाही. शिवाय वाळवंटातली खात्रीही पूर्ण खात्री नसते : समुद्र तापवणारा एल निनो आला, की हीच किनारपट्टी पुराखाली जाते, जसे 2017 मध्ये पिउरात झाले, आणि 2023 च्या उष्ण हंगामात उत्तरेकडच्या वेलींनी नीट फूट न दिल्याने उत्पादन घटले.

पेरूचे अनुकरण करा, असा सल्ला देणाऱ्यांनी म्हणूनच आधी काय उचलता येते आणि काय येत नाही, हे वेगळे करावे. पावसाशिवायचे हवामान उचलता येत नाही. कमाल जमीन धारणा कायदा मोडून शेकडो हेक्टरच्या बागा उभ्या करणे शक्य असले, तरी इकाच्या आटलेल्या विहिरी पाहता ते मागूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उचलण्यासारखे जे आहे, ते लहान शेतकऱ्याला एकत्र येऊनच उचलता येईल : सामाईक पॅकहाउस आणि शीतसाखळी, करारावर आणलेले वाण, आणि हंगामाआधी ठरलेली विक्री. 1991 मध्ये सहकारी संस्थांच्या एकत्रीकरणातून ‘महाग्रेप्स’ उभी राहिली, तेव्हा तीच वाट धरली गेली होती. पावसासाठी उत्तर प्लॅस्टिक आच्छादनाचे आहे. नाशिकमध्ये अशा बागा दिसू लागल्या आहेत आणि डाऊनी व तडकण्यापासून त्या बऱ्याच अंशी वाचतात. पण एकरी खर्च काही लाखांत जातो, वाऱ्याने कागद फाटतो, आतली उष्णता आणि भुरी वाढते, आणि एका वादळात सांगाड्यासह सारे खाली येऊ शकते. या आच्छादनाला अनुदान किती आणि विमा कोणत्या अटींवर मिळतो, हे छाटणीच्या आधी शेतकऱ्याला कळले पाहिजे. तसेच मे महिन्यातल्या ढगाळ हवेने जिरलेल्या घडांचे नुकसान मोजण्याची पद्धत पीक विम्यात यायला हवी. डोळे तपासणीचे अहवाल त्यासाठी आधार म्हणून वापरता येतील, कारण ते ऑक्टोबर छाटणीपूर्वीच अनेक शेतकऱ्यांच्या हातात असतात.